एकोणीस पैशांचा डोंगा

गेल्या मे महिन्यात दोघं भाऊ माझ्या ओसरीवर येऊन बसले. थोरला खुर्चीवर, धाकटा जोत्याच्या काठावर, आणि दोघांच्या मधे तिसरा माणूस सहज बसावा एवढं अंतर. घराच्या वाटण्या झाल्या होत्या. दोन खोल्या, भांडीकुंडी, जाळी, एक शिलाई मशीन, सगळं पंचांसमोर मिटलं होतं. राहिला होता बापाच्या हातचा डोंगा.

"डोंगा काई मधातून कापता येत नाई, काकाजी," थोरला म्हणाला. "तुमी बँकीत होते. तुमी भाव काढून द्या. ज्याले पायजे थो ठेवीन, दुसऱ्याले पैसे देईन."

बँकेत होतो हे खरं. कर्ज खात्यात एकतीस वर्षं काढली. बैलजोड्या पाहिल्या, ऑइल इंजिनं पाहिली, ट्रॅक्टर पाहिले, संत्र्याच्या बागा तर मोजता येणार नाहीत इतक्या पाहिल्या. एकाच बैलजोडीवर तिघांना कर्ज दिल्याचा पराक्रमही आमच्या शाखेत घडला होता. तिन्ही वेळा जोडी तीच, फक्त झूल वेगळी. पण नावेवर कर्ज मागायला कोणी आलं नव्हतं. रिद्धपुरात कोण येणार? आमच्या गावात पाणी म्हणजे विहीर, हातपंप आणि आला त्या दिवशी नळ. इथं येतात ते श्रीप्रभूंच्या दर्शनाला आलेले महानुभाव यात्रेकरू, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाच्या निमित्तानं आलेली प्राध्यापक मंडळी. डोंग्याशी या दोघांचाही संबंध नाही.

पण तालुका मोर्शी, आणि मोर्शीत सिंभोरा आहे. वर्धा नदीवरचं अप्पर वर्धा धरण, १९९३ साली पुरं झालेलं, तेरा दरवाज्यांचं. जलाशयाचं सरकारी नाव नल-दमयंती सागर. उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर. अमरावती शहर हेच पाणी पितं. दरवाजे उघडले की अख्खा जिल्हा मोबाइल घेऊन बघायला धावतो. त्याच पाण्यावर पहाटे चारला जाळी उचलायला जाणारे भोई मात्र कुणाच्या फोटोत येत नाहीत. हे दोघं त्यांतलेच.

"पाण्यात म्हैस आणि वर मोल" ही म्हण मी बँकेत नव्या पोरांना ऐकवायचो, की माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. म्हणून म्हटलं, आधी डोंगा पाण्याबाहेर काढा, मग बोलू.

उन्हाळ्यात पाणी मागं हटलेलं. काळ्या मातीला पडलेल्या भेगांत पाय घालत आम्ही काठाशी गेलो. डोंगा पालथा घालून ठेवला होता, दोन दगडांवर, बूड वर. अठरा फूट लांब, मधे चार फूट रुंद. डांबराचे इतके थर चढलेले की फळी कुठं संपते आणि डांबर कुठं सुरू होतं, ते बोटानं चाचपावं लागे. उन्हानं ते मऊ झालं होतं. हात लावला तर बोटाचे ठसे उमटले.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे भोईबुवा बसले होते. त्यांनी न विचारताच टोच्या आणून दिला. "गुरं पाहता न तुमी? मंग दात पाहा."

गुरांच्या बाजारात हेडी बैलाचं तोंड उघडून एका नजरेत वय सांगतो: अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. डोंग्याचे दात म्हणजे खिळे. म्हाताऱ्यानं दाखवलं: जिथं खिळ्याभोवती लाकूड काळं पडून खळगा झालाय, तिथला खिळा गंजून आतल्या आत बारीक झालेला असतो. वरून डोकं शाबूत, खाली काहीच नाही. मग टोच्या लावायचा. चांगल्या सागात तो पाव इंचही जात नाही. कुजलेल्या जागी लोण्यात गेल्यासारखा जातो. मग लाकडाच्या तुकड्यानं ठोकायचं. मधल्या फळ्या 'टण्' वाजल्या. शेपटाकडच्या दोन फळ्यांनी आवाजच दिला नाही, नुसतं 'भद्'.

मधल्या एका फळीत मला चौकोनी ठिगळ दिसलं. चार बोटं लांब, तीन बोटं रुंद, दुसऱ्या लाकडाचं. विचारलं तर धाकटा म्हणाला, "थे तुळईची खाच होय जी." बापानं १९९७ साली हा डोंगा केला तो धरणात गेलेल्या गावातल्या एका घराच्या तुळया विकत घेऊन. ज्या खाचेत पूर्वी घराचा खांब बसायचा, ती बुजवून तिथं फळी केली. घर बुडालं, आणि त्याची तुळई त्याच पाण्यावर अठ्ठावीस वर्षं तरंगली. हे मूल्यांकनाच्या कागदात कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला कळेना. मी ठिगळ मोजून वहीत लिहिलं: ४ × ३ बोटं.

सांध्यांतून कापूस डोकावत होता. वऱ्हाडात दुसरं काय भरणार! सरकी काढलेला कापूस पिळून, डांबरात बुडवून फटीत ठोकायचा. दर उन्हाळ्याला थोडा निघतो, थोडा नवा जातो. थोरल्यानं याच वर्षी, वाटणीच्या आधी, भरून ठेवला होता.

घरी येऊन कागद काढले. पहिला हिशोब सरळ. आयकर नियमांच्या तक्त्यात, देशांतर्गत पाण्यात चालणाऱ्या नौकांना आणि लाकडी बुडाच्या मासेमारी नौकांना दरवर्षी २० टक्के घसारा आहे. उरलेल्या किमतीवर दरवर्षी २० टक्के. नवा डोंगा १०० रुपयांचा धरला तर दहाव्या वर्षाअखेर १० रुपये ७४ पैसे उरतात. अठ्ठावीस वर्षांनी? कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. एकोणीस पैसे.

दुसरा तक्ता कंपनी कायद्याचा, २०१३चा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वस्तूंची उपयुक्त आयुष्यं दिली आहेत. तिथं समुद्रात जाणाऱ्या लाकडी मासेमारी नौकेला १० वर्षं आणि देशांतर्गत पाण्यातल्या साध्या नौकेला २८ वर्षं आहेत. म्हणजे आमचा डोंगा बरोबर याच वर्षी कायद्यानं मेला. मात्र मेल्यावरही मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत अवशेष किंमत धरता येते. एका तक्त्यानं एकोणीस पैसे, दुसऱ्यानं पाच रुपये. सरकार एक, डोंगा एक, आणि फरक सव्वीसपट!

हे दोन्ही तक्ते भोयांच्या डोंग्यासाठी नाहीत, कंपन्यांच्या वह्यांसाठी आहेत, हे मला कळतं. पण बँकेत असेच तक्ते लावून आम्ही गरिबांच्या वस्तू मोजल्या. सवय जात नाही.

त्या १० आणि २८च्या फरकानं मात्र मला झोप लागू दिली नाही. लाकूड तेच, मग समुद्रात दहाच वर्षं का? त्याच महिन्याच्या शेवटी मुलीकडे दापोलीला जाणं झालं, तेव्हा हर्णैला गेलो.

वऱ्हाडी माणसानं हर्णै एकदा पाहावंच. समोर सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावर पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले बैल. बोटी किनाऱ्याला लागत नाहीत म्हणून बैलगाड्या पाण्यात शिरतात, बोटीवरची मासळी उतरवून घेतात आणि लिलावाच्या वाळूत आणतात. आमच्याकडे बैलाला पोळ्याला नदीवर नेऊन धुतात, इथं तो रोज समुद्रात उभा! मी बोटी विसरून बैलांचेच खूर बघत राहिलो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्यामुळे मेच्या शेवटी बोटी वर ओढायची घाई चाललेली. एका तांडेलाशी बोलता बोलता विचारलं, जुनी बोट घेताना आधी काय बघता? मला वाटलं होतं, बूड म्हणेल. तो म्हणाला, "लायसन." मग इंजिन, किती सिलिंडरचं आणि किती तास चाललेलं. मग जाळं. आणि लाकूड शेवटी.

लाकडाचं त्यानं जे सांगितलं ते मला पटलं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजत नाही, मीठ बुरशीला मारतं. पण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो बाहेरून सुईएवढं भोक पाडतो आणि आत बोटभर बोगदे करतो. लोखंडाचंही तसंच, खारं पाणी खिळा चार वर्षांत खातं. गोड्या पाण्यात किडा नाही, गंज सावकाश. पण पावसाचं गोडं पाणी बुडात साचलं की तिथूनच कुजायला लागतं. शेपटाकडच्या त्या 'भद्' वाजणाऱ्या फळ्यांचं उत्तर मला हर्णैला मिळालं. डोंगा सुलटा ठेवल्यावर पाणी शेपटाकडे साचत असणार.

कोकणच्या जुन्या लोकांत गलबताचं माप खंडीत सांगायची रीत होती. अमुक खंडी माल नेणारं गलबत. आमच्याकडे आजही कापसाचा भाव खंडीवर निघतो, ३५६ किलो रुईची एक खंडी. शब्द एकच, एकीकडे कापूस मोजतो, दुसरीकडे जहाज. कोरड्या वऱ्हाडाला आणि ओल्या कोकणाला जोडणारा एवढाच धागा मला सापडला, पण तो भाषेत पक्का बसलेला आहे. जहाजाच्या लाकडाबद्दलचं सर्वांत शहाणं मराठी लिखाण माझ्या मते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं. आरमारासाठी साग तोडा, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नका. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन फळ देईनासं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्या, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या आरंभी जीर्ण झाडाचा भाव कसा ठरवायचा, हे त्यात आहे: मालकाचा संतोष. आमच्या बँकेच्या अर्जात हा रकाना नव्हता.

तांडेलानं 'लायसन' पहिलं का म्हटलं, ते मी परतीच्या गाडीत वाचत गेलो. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारनं पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घातली. परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करत १८२वर आणायचं ठरलं. त्या दिवसानंतर ज्याच्याकडे परवाना त्याच्या बोटीला भाव, आणि ज्याच्याकडे नाही त्याची बोट तेच इंजिन, तेच लाकूड असूनही स्वस्त. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये २ जुलै १९९२ रोजी सरकारनं कॉड मासळी धरायला बंदी जाहीर केली. तीस हजारांवर लोकांचं काम त्या एका निर्णयानं गेलं. त्या रात्री बंदरातल्या बोटींचा एकही खिळा सैल झाला नव्हता. युरोपात तर त्याही पुढची गोष्ट. मासे कमी झाले म्हणून बोटी कमी करायच्या ठरल्या, आणि मालकाला भरपाई मिळवायची तर बोट मोडून दाखवावी लागे. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांच्या कारागिरीच्या लाकडी बोटी अशा यंत्राखाली चुरल्या गेल्या. मोडलेल्या बोटीला भाव, चालणाऱ्या बोटीला नाही.

परत आलो तेव्हा मी थोरल्याला डोंग्याबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "सोसायटीत सभासद कोण आहे?"

तो गप्प झाला. धाकट्यानं मान खाली घातली. तेव्हा लक्षात आलं की खरं भांडण इथं आहे.

जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थेच्या ठेक्यावर चालते. जाळं टाकायचा हक्क सभासदाचा. दरवर्षी पावसाळ्यात पाण्यात बोटुकली सोडली जातात. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीच्या पुरात अंडी घालणारे, धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. त्यामुळे पिल्लं बाहेरून आणावी लागतात. ती हवी तेव्हा, हवी तितकी मिळू लागली ती १० जुलै १९५७ नंतर. त्या दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचं इंजेक्शन देऊन माशांना कृत्रिमरीत्या अंडी घालायला लावली. देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्यावरूनच पाळतात. म्हणजे मोर्शी तालुक्यातल्या या डोंग्याच्या किमतीत ओडिशातल्या त्या सुईचाही वाटा आहे, सोसायटीच्या सभासदत्वाचा आहे, आणि यंदा बोटुकली किती सोडली याचाही. फळ्यांचा वाटा सर्वांत थोडा.

सभासद होता बाप. तो गेला. नाव आता थोरल्याचं लागलं होतं, वाटणीच्या आधी, धाकट्याला न सांगता.

"मंग डोंगा घेऊन मी काय करू?" धाकटा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "पाण्यात टाकायले हक्क नाई, अंगणात ठेवून त्याले झेंडू लावू काय?"

हिशोब करताना आणखी एक रकाना मी स्वतःहून घातला: धोका. डोंगा अठरा बाय चार, म्हणजे ७२ चौरस फूट. टोकं निमुळती, म्हणून त्यातले सत्तर टक्के धरले तर पन्नास चौरस फूट, सुमारे ४.७ चौरस मीटर. एवढ्या जागेचा डोंगा एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ४७ किलो वजन लागतं. साठ किलोचा एक माणूस बसला की सव्वा सेंटिमीटर. दोन माणसं आणि जाळी असेपर्यंत काही वाटत नाही. पण रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्याच्या वर वीतभर असेल, आणि त्यात अकरा जण बसले, तर वितीतले चौदा सेंटिमीटर जातात आणि चार बोटं उरतात. एकजण उठून उभा राहिला की ती चार बोटंही जातात.

अकरा हा आकडा मी उगाच घेतला नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या वरुड तालुक्यात झुंज इथं याच वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. ते मासे धरायला निघालेले नव्हते. त्या दिवसापासून नदीकाठच्या प्रत्येक जुन्या डोंग्याच्या किमतीतून काहीतरी वजा झालं आहे. ते किती, हे मांडणारा तक्ता मी पाहिलेला नाही. मी वहीत एवढंच लिहिलं: 'शेपटाच्या दोन फळ्या बदलल्याशिवाय प्रवासी बसवू नयेत. जाळ्यासाठी दोन माणसं चालतील.'

आता तिसरं गिऱ्हाईक. अमरावती रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या मालकाला 'जुनी, गावठी, अस्सल' नाव हवी होती, दारात ठेवायला. त्यात लोक बसून फोटो काढतील. त्यानं फोनवर जो आकडा सांगितला तो ऐकून थोरल्यानं दोनदा विचारलं, "पाण्यात नाई न चालवणार?" नाही. पत्र्याचा नवा डोंगा येईल एवढे पैसे तो डांबरलेल्या, खिळे गंजलेल्या, शेपूट कुजलेल्या लाकडाला द्यायला तयार होता. जितका फाटका, तितका त्याला आवडत होता. मुंबईत जोगेश्वरीला जुन्या बोटींच्या लाकडाचं फर्निचर विकतात, ते मी पाहिलं आहे. तिथं खिळ्याच्या भोकाला भाव असतो. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरची जुनी जहाजं मोडायला येतात, तिथं भाव टनावर, रद्दीसारखा. माणसाला म्हातारपणी जे होतं तेच जहाजाला: कोणी वजनावर नेतो, कोणी दिवाणखान्यात शोभेला बसवतो, आणि कामाला लावणारा कोणी नसतो.

मग मी कागद लिहिला. इथं रिद्धपुरानं मला मदत केली. म्हाइंभटांनी याच गावी लीळाचरित्र रचलं तेव्हा ज्याला जे आठवतं ते त्याच्याकडून ऐकून घेतलं. महानुभाव पोथ्यांत एकाच लीळेच्या वेगळ्या आठवणीला 'वासना' म्हणतात. अमक्याची अशी वासना, तमक्याची अशी. सगळ्यांचं मिसळून एकच सरासरी लीळा त्यांनी केली नाही. आमच्या बँकेत तीन आकडे आले की आम्ही बेरीज करून तिनानं भागायचो. या वेळी मी भागलं नाही. चार ओळी लिहिल्या:

आयकराची वासना, शंभराचे एकोणीस पैसे. सभासदाची वासना, दुरुस्ती करून आणखी पाच-सात पावसाळे जाळी टाकता येतील तेवढ्या कमाईची. ढाब्याची वासना, नव्या पत्र्याच्या डोंग्याएवढी. आणि खाली चौथी, बापाची: एक तुळई, एक बुजवलेली खाच.

धाकट्यानं कागद दोनदा वाचला. थोरल्यानं वाचला नाही, नुसता घडी घालून खिशात ठेवला. दोघांचं आठ दिवसांनी जे ठरलं ते असं: सभासदत्व थोरल्याकडे राहील, डोंगा धाकट्याचा, त्याचं तो काहीही करो. आणि संस्थेत पुढच्या वेळी जागा निघाली तर थोरला धाकट्याच्या नावासाठी अर्ज लिहील. अर्ज मी लिहून दिला. धाकट्यानं डोंगा ढाब्याला विकला आणि पत्र्याचा घेतला. तो भावाच्या नावावर पाण्यात जातो.

सप्टेंबरात अमरावतीला जाताना मी त्या ढाब्यावर चहाला उतरलो. डोंगा दाराशी होता, सुलटा, तिरका उभा केलेला, डांबर खरवडून वर चकाकतं वॉर्निश मारलेलं. तुळईची खाच आता स्पष्ट दिसत होती. बुडाला मात्र गोल भोकं पाडलेली, शेपटाकडे सात आणि मधे दोन. नोकरानं सांगितलं, पावसाचं पाणी साचून डास होतात म्हणून.

गावी आल्यावर थोरला भेटला तेव्हा सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "मधातले दोन कुठी पाडले?"

खाचेच्या बाजूला, मी म्हटलं.

"हत्तेच्या," तो म्हणाला, "तथीसा तं मी औंदाच कापूस भरला होता."